वाळू, नाक आणि रक्त : एका पॉलिपचा इतिहास

१.
आजचा धागा एका शब्दापासून सुरू करू. मालवणच्या किनाऱ्यावर ‘पॉलिप’ हा शब्द दोन निरनिराळ्या लोकांच्या तोंडी ऐकू येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातले प्रवाळ दाखवणारे तो वापरतात आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर तो केसपेपरवर लिहितात. पहिला पॉलिप म्हणजे समुद्रातला जिवंत प्राणी, दुसरा म्हणजे नाकात वाढलेला मांसाचा कोंब. आज लिहायचे आहे ते दुसऱ्याविषयी, आणि त्यातही अशा एका पॉलिपविषयी, ज्याला नुसता स्पर्श झाला तरी रक्त येते. त्याचे निदान कसे होत गेले, त्याचे रक्त वैद्यांनी कसे आवरले आणि या शोधात पुण्याच्या वाळू-मजुरांचे स्थान काय, हे क्रमाने पाहू.

२.
शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘अनेक पायांचा’ असा त्याचा अर्थ, आणि ग्रीक लोक तो ऑक्टोपससाठी वापरीत. नाकातील कोंबही आपल्या मुळांनी आत घट्ट धरून बसतो, म्हणून प्राचीन वैद्यांनी त्याला तेच नाव दिले. पुढे अठराव्या शतकात गोड्या पाण्यातील हायड्रा या इवल्याशा प्राण्यालाही हे नाव मिळाले. अब्राहम ट्रेंब्ली याने १७४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले की हा जीव कापला तर त्याच्या तुकड्यांतून पुन्हा पूर्ण प्राणी उभा राहतो. प्रवाळाचे पॉलिप त्याच्याच नात्यातले. कापले तरी पुन्हा उगवणे हा गुण मात्र, दुर्दैवाने, नाकातील काही पॉलिपांतही आढळतो.

३.
आपल्याकडे या विकाराची जुनी नोंद सुश्रुतसंहितेत आहे. सुश्रुताने ‘अर्श’ म्हणजे केवळ गुदद्वाराची मूळव्याध मानली नाही. नाक, कान, डोळे, मुख येथील मांसांकुरांचाही त्याने त्यात समावेश केला. नाकातील अर्शाची लक्षणे त्याने दिली आहेत ती अशी : सततचे पडसे, अतिशय शिंका, श्वासाला अडथळा, नाकाला दुर्गंधी, नाकातून बोलणे आणि डोकेदुखी. आजच्या डॉक्टरने पॉलिपच्या रुग्णाची तक्रार लिहून घेतली तर यादी फारशी वेगळी होणार नाही.

४.
अर्शावर सुश्रुताने चार उपाय सांगितले : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. रक्त थांबवण्याचेही चार मार्ग त्याने वेगळे नोंदवले. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडे जुळवणे, थंडाव्याने रक्त गोठवणे, भस्माने व्रण सुकवणे, आणि हे सारे निष्फळ ठरले तर डाग देऊन रक्तवाहिनी आक्रसवणे. यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते हे त्यांना कळणे शक्य नव्हते. पण कोंब कापणे आणि रक्त आवरणे ही दोन वेगळी कामे आहेत, याची जाण त्या मांडणीत स्पष्ट आहे.

५.
ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य दोऱ्यांना स्पंज बांधून तो नाकातून घशाकडे ओढत, आणि पॉलिप त्याच्याबरोबर ओरबाडून बाहेर येई. सोळाव्या शतकात इटलीच्या फालोप्पियोने तारेचा फास वापरला. फास कोंबाच्या देठाला अडकवायचा, आवळायचा आणि कोंब तोडायचा. या फासाची सुधारित रूपे विसाव्या शतकापर्यंत शस्त्रक्रियागृहांत होती. प्रश्न एकच राहत असे : देठातून रक्त किती येईल?

६.
याचे उत्तर पॉलिप कोणत्या जातीचा आहे यावर ठरते. नेहमी आढळणारा, ॲलर्जी आणि जुनाट सुजेतून होणारा पॉलिप फिकट, ओलसर, सोललेल्या द्राक्षासारखा असतो. त्यात पाणी अधिक, रक्तवाहिन्या कमी. शलाकेने स्पर्श केला तर तो हलतो, दुखत नाही आणि सहसा रक्तही येत नाही. म्हणून एखादा कोंब लालभडक असेल आणि स्पर्शासरशी वाहू लागला, तर जाणत्या डॉक्टरचा हात तेथेच थांबतो. हा नेहमीचा पॉलिप नव्हे, हे ते रक्तच सांगत असते.

७.
मुळात नाक हा रक्ताने समृद्ध अवयव. डोक्याच्या दोन मोठ्या धमनीप्रवाहांच्या शाखा येथे एकमेकींना भेटतात. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात त्यांचे एक जाळेच आहे. न्यूयॉर्कच्या जेम्स लिटल याने १८७९ मध्ये आणि जर्मनीच्या किसेलबाखने १८८४ मध्ये या जागेकडे लक्ष वेधले. आपण ज्याला ‘घोळणा फुटणे’ म्हणतो ते बहुतेक वेळा याच ठिकाणी घडते. आपल्या घरांत त्याचे खापर ‘उष्णते’वर फुटते. मग कांदा हुंगवतात, डोक्यावर पाणी थापतात. बहुतेक घोळणे निरुपद्रवी असतात आणि आपोआप थांबतात. त्यामुळेच ज्या थोड्या नाकांत रक्ताचे कारण एखादा कोंब असतो, ती नाके वर्षानुवर्षे उष्णतेच्या खात्यावर जमा होत राहतात.

८.
आता मुख्य कथेकडे वळू. ती सुरू होते आपल्यापासून फार दूर, अर्जेंटिनात. सन १९०० मध्ये बुएनोस आयरेस येथे गिलेर्मो सेबर या तरुणाने आपल्या प्रबंधात नाकातील पॉलिपमध्ये सापडलेल्या एका परोपजीवी जंतूचे वर्णन केले. त्याच्या रुग्णांत श्वास कोंडलेला एक तरुण शेतमजूर होता. हा तपशील लक्षात ठेवावा. रुग्ण शेतमजूर होता हे नोंदले गेले, पण त्या मजुरीचा आणि पॉलिपचा काही संबंध असेल का, हा प्रश्न अजून पुढे यायचा होता.

९.
१९०३ मध्ये कलकत्त्यातील डॉक्टर ओ’किनिली यांचा वृत्तान्त लंडनच्या स्वरयंत्र-चिकित्सकांच्या संस्थेपुढे आला. रुग्ण भारतीय होता आणि त्याच्या नाकाच्या पडद्यावर रक्ताने भरलेला कोंब होता. १९०५ मध्ये मिंचिन आणि फँथम या प्राणिशास्त्रज्ञांनी तो जंतू तपासून त्याला ‘ऱ्हायनोस्पोरिडियम किनिली’ असे नाव दिले. ‘ऱ्हायनो’ म्हणजे नाक. पुढे अर्जेंटिनाचा आणि भारताचा जंतू एकच असल्याचे मान्य झाले, आणि अग्रक्रमाच्या नियमाने सेबरचे नाव टिकले : ‘ऱ्हायनोस्पोरिडियम सेबेरी’. रोगाचे नाव झाले ऱ्हायनोस्पोरिडिओसिस.

१०.
१९२३ मध्ये एडिंबरोचे प्राध्यापक ॲशवर्थ यांनी भारतातून आलेल्या एका रुग्णाच्या पॉलिपवरून या जंतूचे जीवनचक्र तपशिलाने मांडले. बारीक बीजाणू ऊतीत शिरतो, फुगत जातो, त्याची एक थैली बनते, थैलीत हजारो नवे बीजाणू तयार होतात आणि अखेर ती फुटून ते बाहेर पडतात. पिकलेली थैली मिलिमीटरचा दहावा भाग ते तिसरा भाग इतकी मोठी होऊ शकते. म्हणजे ती नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखी दिसते. लाल कोंबावर पांढरे-पिवळसर ठिपके असे रूप त्यातून येते, आणि म्हणून डॉक्टर त्याची तुलना स्ट्रॉबेरीशी करतात.

११.
निदान येथे पक्के होते. कोंबाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जाड भिंतीच्या त्या थैल्या ओळखू येतात. शंका राहण्याचे कारण सहसा उरत नाही. प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर हा जंतू वाढवण्यात मात्र यश आलेले नाही, त्यामुळे आजही निदानाचा आधार ऊतीची तपासणी हाच आहे. कोंबात रक्त इतके का, याचेही उत्तर तेथेच दिसते : ऊती बारीक रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली आणि वरचे आवरण नाजूक.

१२.
परंतु सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. तो ‘काय’ हे सांगतो, ‘कोणाला’ आणि ‘कोठून’ हे सांगत नाही. इटलीच्या बेर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात वैद्यांना एक जादा प्रश्न विचारण्याचा आग्रह धरला होता : तुम्ही काम काय करता? वैद्यकाच्या इतिहासात हा साधा प्रश्न फार वेळा विसरला गेला आहे. आपल्या या पॉलिपच्या बाबतीत तो महाराष्ट्रात विचारला गेला.

१३.
१९३३ साली नोरोन्हा या डॉक्टरांचा एक लेख लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात आला. त्याचा विषय शीर्षकातच होता : पुण्यातील वाळू-मजुरांमधील ऱ्हायनोस्पोरिडिओसिस, आणि या पॉलिपच्या ऊतीची वैशिष्ट्ये. एका रुग्णाचे नाक पाहण्याऐवजी एका धंद्यातील माणसांची नाके पाहिली गेली, हे त्या लेखाचे महत्त्व. चार वर्षांनी, १९३७ मध्ये, मंडलिक यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आपल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. रोग जडतो कसा, याविषयीची निरीक्षणे हा त्यांच्या लेखाचा उघड हेतू होता.

१४.
नदीची वाळू काढणे म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. कमरेइतक्या, छातीइतक्या पाण्यात उभे राहायचे, बुडी मारायची, तळाची वाळू पाटीत भरायची, वर यायचे आणि पुन्हा बुडी. दिवसभर नाका-डोळ्यांत पाणी आणि पाण्याबरोबर वाळूचे कण. हे कण नाकाच्या नाजूक अस्तराला ओरखडे पाडतात, आणि पाण्यातला जंतू त्या ओरखड्यांतून आत शिरतो, असे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. श्रीलंकेचे विकृतिशास्त्रज्ञ करुणारत्ने यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात याच दिशेने मांडणी केली. वाळू-मजुरांच्या नोंदी हा या विचाराचा भक्कम आधार ठरला.

१५.
यातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. हा रोग गोड्या पाण्याशी, विशेषतः नद्या, तलाव आणि साचलेली तळी यांच्याशी जोडला गेला. जगातील बहुतांश रुग्ण भारत आणि श्रीलंका येथे आढळतात. गुरांनाही तो होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला लागल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. म्हणून रुग्णाला घरात वेगळे ठेवण्याचे कारण नाही. कोरड्या, धुळीच्या प्रदेशांत तो नाकाऐवजी डोळ्याच्या अस्तरावर अधिक दिसतो. एकाच तळ्यात शेकडो लोक आंघोळ करतात आणि त्यांतल्या मोजक्यांनाच तो जडतो. पाणी आवश्यक, पण पुरेसे नव्हे. ओरखडा आणि रोजचा दीर्घ संपर्क यांचे वजन येथे कळते.

१६.
आता उपचार. या कोंबाला फास लावून ओढला तर दोन संकटे येतात. पहिले, रक्त. दुसरे, थैल्या फुटून बीजाणू आजूबाजूच्या ओरखडलेल्या अस्तरावर सांडतात आणि तेथे नवे कोंब उगवतात. म्हणून शस्त्रक्रियेचा नियम बनला : कोंब शक्य तितका अखंड, मुळासकट काढायचा आणि मग मुळाची जागा डागायची. डाग एकाच वेळी दोन कामे करतो. रक्तवाहिन्यांची तोंडे बंद होतात आणि उरलेले बीजाणू जळतात.

१७.
हे शक्य होण्यामागे अनेक शोधांची रांग आहे. विजेने तापवलेल्या तारेची शस्त्रक्रिया मिडेलडॉर्फने १८५४ मध्ये रूढ केली. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनचा बधिर करण्यासाठी वापर दाखवला. कोकेन अस्तर बधिर तर करतेच, पण रक्तवाहिन्याही आक्रसवते. १९०१ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी शुद्ध ॲड्रेनॅलिन मिळवल्याचे जाहीर केले, आणि त्यात भिजवलेली पट्टी नाकात ठेवून रक्तप्रवाह तात्पुरता कमी करता येऊ लागला. १९२६ मध्ये अमेरिकेत बोव्ही यांचे विद्युत-यंत्र शस्त्रक्रियागृहात आले. आज दुर्बिणीतून मूळ नीट पाहून ते डागता येते. सुश्रुताचा ‘अग्नी’ आता तारेच्या टोकाशी आला आहे, एवढे म्हणता येईल.

१८.
तरीही कोंब परत येतो तेव्हा काय करावे? १९७९ मध्ये नायर यांनी डॅप्सोन या औषधाचा या रोगावरील प्रयोग प्रसिद्ध केला. डॅप्सोन म्हणजे कुष्ठरोगावरचे परिचित औषध. ते थैल्यांची वाढ रोखते आणि शस्त्रक्रियेनंतर कोंब पुन्हा येण्याचा संभव कमी करण्यासाठी दिले जाते. ते शस्त्रक्रियेला पर्याय नाही, जोड आहे. काही माणसांच्या रक्तपेशी त्याने फुटतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे औषध आहे.

१९.
आणि हा जंतू आहे तरी कोण? सेबरला तो आदिजीव वाटला, ॲशवर्थला बुरशी. १९९९ मध्ये त्याच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा दोन्ही तर्क बाजूला पडले. प्राणी आणि बुरशी यांच्या वंशवृक्षातील फाट्याजवळच्या एका छोट्या गटात त्याची जागा निघाली, आणि त्या गटातील त्याचे अनेक सोयरे मासे व अन्य जलचरांचे परोपजीवी आहेत. माणसाच्या नाकात सापडलेला हा जीव मुळात पाण्याच्या दुनियेतला! पुण्याच्या मजुरांच्या कामावरून १९३० च्या दशकात ज्या दिशेला बोट दाखवले गेले होते, त्याच दिशेला रेणूंचा पुरावा सहा दशकांनी येऊन पोहोचला.

२०.
एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. रक्त येणारा प्रत्येक कोंब ऱ्हायनोस्पोरिडिओसिसचा नसतो. पौगंडावस्थेतील मुलांच्या नाकामागे ‘अँजिओफायब्रोमा’ नावाची एक गाठ होते. ती कर्करोग नव्हे, पण तिच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आक्रसणारे स्नायू जवळजवळ नसतात. त्यामुळे तुकडा काढायला गेले तर रक्त थांबता थांबत नाही. तेथे आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात, गाठीला रक्त पुरवणारी धमनी कोणती ते पाहतात, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेआधी ती धमनी आतूनच बुजवतात. प्रौढांत, विशेषतः एकाच बाजूच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर कर्करोगाचीही शंका तपासावी लागते. रक्तपुरवठा ओळखणे हा निदानाचाच भाग आहे, तो असा.

२१.
सिंधुदुर्गाशी याचा संबंध? पुण्याच्या नदीवर जे काम त्या काळी होत होते, तसेच काम आपल्या नद्या-खाड्यांत हातपाटीने आणि बुडी मारून झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. ते करणाऱ्यांत परप्रांतांतून आलेले मजूरही पुष्कळ. खाडीचे खारे पाणी आणि नदीचे गोडे पाणी यांत फरक आहे, समुद्रस्नानाला घाबरण्याचे तर कारणच नाही. पण नदीपात्रात, तळ्यांत, गुरे धुण्याच्या कोंडींत रोज तासन् तास घालवणाऱ्या माणसाचा घोळणा वारंवार फुटत असेल, एका नाकपुडीने श्वास कोंडत असेल, तर त्याने कांदा हुंगत बसू नये. ओरोसचे जिल्हा रुग्णालय असो वा गोव्यातील बांबोळी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाक आतून पाहून घ्यावे.

२२.
आणि तेथे गेल्यावर दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात : मी काम काय करतो, आणि कोणत्या पाण्यात उतरतो. डॉक्टरांनी कोंब काढला तर तो तपासणीसाठी पाठवला का, हे विचारावे. तुकडा कचऱ्यात गेला तर निदानही त्याच्याबरोबर जाते. घोळणा फुटलाच तर मान मागे टाकू नये, रक्त घशात उतरते. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे घट्ट दाबून धरावा.

२३.
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या कथेत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जंतूच्या नावात सेबर राहिले, काही काळ ओ’किनिलीही राहिले. ज्यांच्या नाकांतून हे ज्ञान निघाले ते शेतमजूर आणि वाळू-मजूर कोणत्याही नावात नाहीत. शहरांचे वाडे, पूल, इमारती ज्या वाळूवर उभ्या राहिल्या, ती काढताना त्यांनी दिलेली किंमत वैद्यकाच्या नियतकालिकांत मात्र नोंदली गेली, कारण कोणीतरी त्यांना त्यांचे काम विचारले. आज वाळूवर चर्चा होते ती लिलाव, महसूल आणि नदीपात्र यांची. ती व्हायलाच हवी. त्या चर्चेत पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या आरोग्याचेही एक कलम असावे, त्याची नाक-डोळ्यांची तपासणी ठरावीक काळाने व्हावी, एवढी मागणी इतिहासाच्या आधारावर नक्कीच करता येते.

२४.
धागा येथे संपवतो. आपल्या ओळखीत कोणी नदीवर, तळ्यावर काम करीत असेल, तर त्याच्यापर्यंत यातील २१ व्या आणि २२ व्या क्रमांकाचा मजकूर तेवढा अवश्य पोहोचवावा.